सव्वा रुपया बाकी

बापाच्या वहीत अजून आहे ती ओळ:
टिलबरीसायेब, तुतारी, तीन पोचे, सव्वा रुपया, बाकी.
ट्रंपेट हा शब्द बापाला लिहिता येत नव्हता.
इतवारीतल्या आमच्या दुकानात
हंडे, गुंड, गंजांच्या रांगेत
ती एकटीच वस्तू, जिच्यात काही भरायचं नव्हतं.

सायेब कामठीला पलटणीबरोबर आला, लढाईच्या सालात.
पलटण परत गेली. हा राहिला.
काहून राहिला, कोणी विचारलं
की गाल फुगवून दाखवायचा
आणि पोट्टे हसले की उत्तर संपायचं.
त्याच्या गावी कोळशाची खाण होती म्हणे,
खाणीचा बँड होता, बाप त्यात ढोल वाजवी,
आणि फुंकणारे आधी खोकून घेत.

मोतीबागेच्या रेल्वे इन्स्टिट्यूटवर
शनिवारी पाटी लागायची: टिलबरी आणि त्याचे सात.
मी खिडकीतून मोजले. पाच होते.
पियानोवर मिसेस रोझारिओ, पायात सपाता;
ड्रमवर फायरमन सिरिल, हात धुऊनही काळेच;
क्लॅरिनेटला गड्डीगोदामचा ताराचंद गेडाम,
दिवसा गिरणीत बॉबिन बदलणारा;
आणि दोन भाऊ, ज्यांची नावं मी विसरलो.
राहिलेले दोघं, सायेब म्हणे, वाटेत आहेत.

मे महिन्यात पितळ तापायचं, सूर आपोआप चढायचा,
पियानो खाली, सायेब वर.
मग तो माऊथपीस वाळ्याच्या ताटीत खोचून ठेवी.
त्याच्या फुंकरीला ओल्या वाळ्याचा वास यायचा,
असं ताराचंद सांगे. हेही त्याचंच:
जायचं घर ठरलेलं असते रे,
गल्ली रोज दुसरी घ्यायची.

एकदा कलकत्त्याच्या हॉटेलातून बोलावणं आलं.
सायेब सदरमधून नवा कोट शिवून गेला
आणि सहाव्या दिवशी परत.
म्हणाला, तिथं सात जण खरंच मिळतात.

मग बंगले रिकामे होत गेले.
सिरिल पर्थला. मिसेस रोझारिओ मुलीकडे,
पियानो एका डॉक्टरला विकून, ज्यानं त्यावर फोटो मांडले.
पाटीवरचे सात तसेच राहिले, पाऊस लागून
'टिलबरी' मात्र पुसलं.

उरली लगनसराई.
ताराचंदच्या चुलतभावाचा बँड, लाल कोट, झालर सुटलेली.
दोन वर्षं सायेब नाही म्हणाला.
तिसऱ्या वर्षी कोट घातला, बाह्या कोपराला.

वरात फाटकापाशी अडली.
घोडा बिथरलेला, नवरदेव घामानं चिंब,
डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
मालगाडीनं शिट्टी दिली, लांब, जराशी बेसूर.
सायेबानं तोच सूर उचलला,
खाली ओढला, पाक ताणावा तसा,
आणि इंजिनाकडे परत सोडला.
ड्रायव्हरनं ऐकलं असावं.
पुन्हा शिट्टी, आखूड.
सायेबानं दोन दिल्या.
डबे संपेपर्यंत हे चाललं.
नाचणारे थांबले. ढोलवाला काठी वर धरूनच राहिला.
नवरदेवाचा मामा ओरडला,
अरे बाप्पा, लग्नाचं वाजवा न!
घोड्यानं तेवढ्यात लाथ झाडली.

तेच तीन पोचे.
बापानं लाकडी गोळा आत घालून काढले,
आणि चांगल्या मनानं बटनांना जवसाचं तेल दिलं.
तेल चिकटलं.
सायेब न्यायला आला नाही.
कोणी म्हणे जहाजानं गेला, कोणी म्हणे मेयोत वारला.
ताराचंदला विचारलं तर म्हणाला,
वाटेत असेल.

दिवाळीला चिंचेनं घासतो मी.
मधलं बटन अजून वर येत नाही.
एकदा फुंकून पाहिली.
बायको स्वयंपाकघरातून म्हणाली,
कोणाची गाय आली वो दारात?